दोन अक्षरी

भडगावला सकाळी दहाला लाईट जाते.
पट्टा सुस्तावतो, चाक स्वतःशीच चार फेरे मोजतं,
मग गिरणीत इतकं सामसूम
की हवेतलं पीठ खाली बसताना ऐकू यावं.
डबे रांगेत : दादर, कळणा, कुणाचं बेसन.
माणसं डब्यांवर.
मी गल्ल्याखालून पेपर काढतो,
मागचं पान वर.
पेन दोरीला बांधलेलं,
या गावात पेन परत येत नाही.

"आजचा विषय : नद्या."
एवढं वाचलं तोच लोटन आबा पुढे सरकले.
जामद्याच्या कालव्यावर तीस वर्षं पाटकरी,
पाणी मोजून दिलेलं, शिव्या न मोजता घेतलेल्या.
नद्या म्हणजे त्यांच्या खात्यातला प्रश्न.

चार उभा : हिंदीत वाईटपणा, शिंदखेड्यात नदी.
"बुराई," आबा म्हणाले, आणि तिच्या 'रा'तून
धुळ्याची पांझरा आडवी निघून गेली.
शिवण क्लासची मंदाकिनी म्हणाली,
"माझंही बघा ना कुठे बसतं का, चार अक्षरी आहे."
नाही बसलं. ती डब्यावर बोटांनी ताल धरून बसली.

दहा आडवा : दळत नाही, वळत जाते. तीन अक्षरी.
शकील पिंजारीनं पेन ओढलं
आणि ठळक लिहिलं : गिरणी.
"हाई काय लिखं तू?"
"बसेल कुठे आहेस, ते लिखं."
"'नाही' वाच ना भो, 'नाही'!"
हसण्यात उरलेलं पीठही बसलं.
'णी'चा मी काना ओढून 'णा' केला.
गिरणा, दोन फर्लांगावरची, सगळ्यात शेवटी सुचलेली.

कोडं कोण रचतं माहीत नाही.
चौकटीखाली नुसतं म. बा.
नकाशा पाहून रचत असेल की काठावर राहून?
शब्द सुचतो तेव्हा मला पट्टा चाकावर चढल्यासारखं होतं :
आधी घसरतो, घसरतो,
मग एकदम घट्ट, आणि सगळं फिरायला लागतं.

सात आडवा : नदीच्या पोटातला ऐवज. दोन अक्षरी.
"पानीच ना भो, आखो काय ऱ्हाई नदीमा?"
सगळ्यांचं एकमत. मी लिहिलं : पाणी.

मग सात उभा.
नावात जनावर, काठाला केळी.
"वाघूर," आबा.
'घू' दीर्घ, तेही त्यांनीच सांगितलं.
खालचा 'र' गिरणेच्या पोटात अचूक उतरला.
या दोघी जमिनीवर कधी भेटत नाहीत,
आपापल्या वाटेनं तापीला जातात.
इथे एका घरात राहिल्या.

पण वरचं घर अडलं.
वाघूर 'वा'नं सुरू होते, पाणी 'पा'नं.
दोघांपैकी एकाला उठावं लागणार.
मी आबांकडे पाहिलं, आबांनी दाराबाहेर.
रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला,
ताडपत्री बांधलेला, मागे थेंब थेंब गळत.
कुणी काही बोललं नाही.
आबांनी माझ्या हातातून पेन घेतलं,
'पाणी' खोडलं,
आणि त्याच घरात बारीक अक्षरात लिहिलं :
वाळू.

बरोबर होतं.
बरोबर आलेलं उत्तर एवढं जड लागावं,
असं पहिल्यांदाच झालं.
तेवढ्यात लाईट आली.
चाक हललं, डबे पुढे सरकले,
तळाची दोन घरं कोरी राहून गेली.

दुसऱ्या दिवशी मंदाकिनीची आई पीठ घेऊन आली :
"भो, पिठमा कचकच लागस."
मी म्हणालो, "दगडाला परवाच टाकी दिली, मावशी,
दोन दिवस येतंच थोडं."
"थोडं काय येतं?" तिनं डबा आपटला.

कोपऱ्यात नवीन पेपर उघडून आबा बसले होते.
विषय होता, मला वाटतं, फुलं.
वर न बघता म्हणाले,
"दोन अक्षरी."